पाटीवर नाव एकाचे, काम पाच जणांचे

रात्रभर दाढ ठणकल्यावर सकाळी माणूस दातांच्या दवाखान्यात जातो, तेव्हा त्याच्या मनात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे डॉक्टर. पाटीवर नाव डॉक्टरांचे, भिंतीवर लावलेल्या पदव्या डॉक्टरांच्या आणि उपचार चांगला झाला की शेजारीपाजारी होणारे कौतुकही त्यांचेच. 'हात हलका आहे हो त्यांचा', ही आपल्याकडची दंतवैद्याला मिळणारी सर्वांत मोठी पावती. ती रास्तच आहे. पाच वर्षांचे शिक्षण आणि नंतरचा अनुभव यांतूनच तो हात हलका झालेला असतो.

पण एका साध्या रूट कॅनालचा हिशेब मांडून पाहिला, तर त्यात आणखी किती हात गुंतलेले असतात ते ध्यानात येते. फोन उचलून वेळ देणारी मुलगी, खुर्चीशेजारी उभी राहून तोंडातले पाणी ओढून घेणारी असिस्टंट, आधीच्या रुग्णाची उपकरणे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये लावणारी व्यक्ती, फरशी पुसणाऱ्या आणि कचऱ्याच्या पिशव्या हलवणाऱ्या मावशी आणि दुसऱ्याच गल्लीत, कधी दुसऱ्याच शहरात बसून दाताची कॅप घडवणारा तंत्रज्ञ. यांच्यापैकी एकाचेही काम बिघडले, तर डॉक्टरांचे कौशल्य वाया जाऊ शकते. कधी कधी ते रुग्णाच्या जिवावरही बेतते.

हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर तमिळनाडूतील वाणियंबाडीचे उदाहरण आठवावे. तिरुपत्तूर जिल्ह्यातील या गावात २०२३ च्या सुमारास मेंदूला झालेल्या एका विचित्र जंतुसंसर्गाने रुग्ण दगावू लागले. मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या एका जिवाणूमुळे होणारा हा आजार, मेलिऑइडोसिस. तपास करणाऱ्या वैद्यकीय पथकांना या रुग्णांपैकी अनेकांत एक समान धागा सापडला. त्यांनी एकाच दवाखान्यात दातांचे उपचार घेतले होते. त्या दवाखान्याशी संबंध जोडला गेलेल्या रुग्णांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासाच्या निष्कर्षांत बोट ठेवले गेले ते सलाइनच्या बाटलीवर. निर्जंतुक न केलेल्या उपकरणाने बाटली उघडायची, उरलेली बाटली कापसाने सैलसर झाकून ठेवायची आणि तेच सलाइन पुढच्या रुग्णाची जखम धुवायला वापरायचे, अशी तिथली रीत होती.

यात दात चुकीचा काढला गेला नव्हता किंवा भूल चुकली नव्हती. चुकले ते कोणाच्या खिजगणतीत नसलेले काम: बाटली कशी उघडायची, कधी टाकून द्यायची आणि ते कोणी पाहायचे. दवाखान्याचे यश किंवा अपयश अशा कामांत दडलेले असते. म्हणून ही कामे करणारी माणसे कोण, त्यांना कोण शिकवते आणि त्यांना पुरेसा वेळ मिळतो का, हे प्रश्न केवळ दंतवैद्यांचे उरत नाहीत. त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचे होतात.

खुर्चीशेजारचे दोन हात

दंतवैद्याच्या शेजारी मदतनीस असावी ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये आपल्या दवाखान्यात एका तरुणीला मदतनीस म्हणून नेमले. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रिया एकट्याने दंतवैद्याकडे जात नसत, कोणी ना कोणी सोबत लागे. दवाखान्यात एक स्त्री हजर असते हे कळल्यावर स्त्रिया निर्धास्तपणे येऊ लागल्या आणि पुढे तिथल्या दवाखान्यांच्या खिडक्यांत तशा पाट्याही झळकल्या. सोबतीसाठी म्हणून आलेली ही भूमिका हळूहळू उपचाराचा भागच बनली. आजही आपल्याकडे तालुक्याच्या गावी एखादी बाई खुर्चीत निवांत टेकते, त्यात शेजारी उभ्या असलेल्या ताईंचा वाटा मोठा असतो.

आज असिस्टंटचे काम सोबतीपुरते राहिलेले नाही. दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. ते तापू नये म्हणून त्यातून सतत पाण्याचा फवारा येत असतो. गाल आणि जीभ बाजूला धरणे, पाणी ओढून घेणे, डॉक्टरांची नजर न हलवता त्यांच्या हाती नेमके पुढचे उपकरण देणे, ही कामे दुसऱ्या हातांनी केली तरच डॉक्टरांचे दोन हात दातावर राहतात. याला 'चार हातांचे दंतोपचार' म्हणतात. त्यामुळे रुग्णाला तोंड उघडे ठेवावे लागण्याचा वेळ कमी होतो आणि डॉक्टरांची मान-पाठही वाचते. वर्षानुवर्षे वाकून काम केल्याने मान, पाठ आणि खांदे दुखणे हे या व्यवसायाचे नेहमीचे दुखणे आहे.

दात भरायचे सिमेंट कालवणे हेही असिस्टंटचेच काम. पावडर आणि द्रव यांचे प्रमाण थोडे चुकले, तर सिमेंट कमकुवत होते आणि भरलेला दात काही महिन्यांत पुन्हा उघडा पडतो. मापासाठी वापरला जाणारा अल्जिनेटचा लगदा पाणी धरून असतो. माप तसेच टेबलावर पडून राहिले, तर तो आक्रसतो आणि त्यावर घडवलेली कवळी तोंडात नीट बसत नाही. रुग्ण मात्र 'डॉक्टरांनी माप बरोबर घेतले नाही' असेच म्हणतो.

आणखी एक काम कोणत्याही यादीत नसते. डॉक्टरांची नजर दातावर असते, तेव्हा रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत असते ती असिस्टंट. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, हाताची मूठ घट्ट आवळली, हे पहिल्यांदा तिला दिसते. घेरी येण्याआधीच खुर्ची आडवी करण्याचा इशारा तिने दिला, तर पुढचा गोंधळ टळतो.

ऑटोक्लेव्हमधला वेळ

दवाखान्यातील सर्वांत महत्त्वाचे काम रुग्णाच्या नजरेआड चालते. वापरलेली उपकरणे आधी घासून किंवा अल्ट्रासोनिक यंत्रात टाकून स्वच्छ करायची, वाळवायची, पाऊचमध्ये बंद करायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत ठेवायची आणि वापरायच्या क्षणापर्यंत पाऊच फोडायचे नाही. वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सिअस असेल तर किमान १५ मिनिटे, १३४ अंश असेल तर किमान ३ मिनिटे द्यावी लागतात. यंत्र तापणे, थंड होणे आणि पाऊच कोरडे होणे धरले, तर एका फेरीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहज जातो.

यातील एकही पायरी गाळून चालत नाही. रक्त किंवा लाळ चिकटलेले उपकरण वाफेत ठेवले, तर त्या थराखालचे जंतू वाचू शकतात. पाण्यात उकळणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे, कारण काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे तर त्याहूनही तोकडे. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे घाईने पुसलेल्या उपकरणाचा धोका कळतो.

आता साधे गणित करू. एखाद्या दवाखान्यात संध्याकाळच्या तीन तासांत १२ रुग्ण येतात आणि तपासणी-उपचाराच्या उपकरणांचे संच आहेत चारच. म्हणजे प्रत्येक संच त्याच संध्याकाळी तीनदा वापरावा लागणार. बाहेर रुग्ण ताटकळत आहेत, आतून 'झाले का?' अशी हाक येते आहे. अशा वेळी महिन्याला तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या मुलीने पाऊच पूर्ण वाळेपर्यंत थांबावे, ही अपेक्षा योग्य आहे, पण परिस्थितीच तिच्या विरोधात उभी असते. ती चुकली तर चूक तिच्या हातून झाली असे दिसेल. प्रत्यक्षात ती त्याच दिवशी झालेली असते, ज्या दिवशी चारऐवजी बारा संच घेण्याचा खर्च टाळून दर्शनी भागातल्या दिव्यांवर तो केला गेला.

ऑटोक्लेव्ह चालतो म्हणजे तो काम करतोच असेही नाही. त्यासाठी दोन कसोट्या आहेत. पाऊचवरची पट्टी रंग बदलते, ही रोजची. आणि उष्णतेला चिवटपणे तोंड देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू यंत्रात ठेवून ते खरोखर मरतात का हे पाहायचे, ही खरी कसोटी. ती आठवड्यातून एकदा करावी असा संकेत आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१३ मध्ये एका दंतवैद्याच्या सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्याची सूचना आरोग्य खात्याला द्यावी लागली. तिथल्या ऑटोक्लेव्हची अशी चाचणी वर्षानुवर्षे झालेली नव्हती आणि परवाना नसलेल्या मदतनीस रुग्णांना शिरेतून गुंगीचे औषध देत, असे तपासात पुढे आले. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हिपॅटायटिस सी गेल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. साधनसंपन्न देशातही कोणी काय करायचे याची सीमारेषा पुसली गेली की काय होते, ते यातून दिसते.

खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांचेही तसेच. पाणी साचून राहिले की आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. इटलीत २०११ मध्ये एका ८२ वर्षांच्या महिलेला लिजिओनेला जिवाणूमुळे न्यूमोनिया होऊन मृत्यू आला. त्याचा माग काढता काढता संशोधक दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यापर्यंत पोहोचले. दोन रुग्णांच्या मध्ये २०-३० सेकंद पाणी सोडून नळ्या धुणे, दिवसाअखेर त्या रिकाम्या करणे, ही कामे पदवीची नाहीत, शिस्तीची आहेत.

सुई आणि कचरा

दवाखान्यात धोका फक्त रुग्णाला नसतो. वापरलेली सुई झाकताना बोटात घुसणे हा असिस्टंट आणि सफाई करणाऱ्या मावशी या दोघींनाही असलेला रोजचा धोका. सुई टोचणाऱ्याने वापरून तशीच ट्रेमध्ये ठेवली, तर ती टोचते ट्रे उचलणारीला. डब्याऐवजी पिशवीत टाकली, तर पिशवी बांधणारीला. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला अशा टोचणीतून संसर्ग होण्याची शक्यता एचआयव्हीच्या कितीतरी पट जास्त असते. लस उपलब्ध आहे, तीन मात्रांत घ्यायची आहे आणि परवडण्यासारखी आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तर हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्यावरच टाकली आहे. डॉक्टरांनी स्वतः लस घेतलेली असते. मावशींनाही ती मिळाली आहे का, हा प्रश्न प्रत्येक दवाखान्याने स्वतःला विचारायला हवा.

याच नियमांनी कचऱ्याचे रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या डब्यात. भिंतीवर तक्ता लावला म्हणजे काम झाले असे होत नाही. मावशींना वाचता येत नसेल, तर रंग दाखवून, करून दाखवून शिकवावे लागते. सुई टोचलीच तर काय करायचे, हेही आधीच ठरलेले हवे. जागा साबण-पाण्याने धुवायची, लपवून ठेवायचे नाही, लगेच सांगायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने एखादी मुलगी गप्प राहिली, तर तो वेळ निघून जातो.

हिरड्यांकडे पाहणारी नजर

दात स्वच्छ करण्याचे आणि रुग्णाला निगा शिकवण्याचे काम करणारा स्वतंत्र व्यवसाय जगात शतकभराहून जुना आहे. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवले आणि १९१३ मध्ये त्यासाठी शाळा काढली. तिथून शिकलेल्या स्त्रिया शहरातील शाळांत जाऊन मुलांचे दात तपासू व स्वच्छ करू लागल्या. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शालेय दंत परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. 'दाढ दुखल्यावर दवाखाना' ही सवय मोडायची तर दुखण्याआधी भेटणारे कोणीतरी हवे, हे त्यांनी ओळखले होते.

भारतातही हे नवे नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात दंतवैद्यांबरोबरच 'डेंटल हायजिनिस्ट' आणि 'डेंटल मेकॅनिक' यांची व्याख्या आहे आणि त्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. तरीही आपल्या गावातल्या दवाखान्यात हायजिनिस्ट भेटणे दुर्मीळ. दात स्वच्छ करण्याचे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरच करतात आणि शिकवण्याचे काम वेळेअभावी राहून जाते. महाराष्ट्रात ही उणीव महागात पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार राज्यातील जवळपास चौघांत एक प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू वापरते. त्यात मिश्री लावणाऱ्या स्त्रियाही आल्या. मिश्रीने दात घट्ट राहतात अशी समजूत अनेक घरांत आजही आहे. गालाच्या आत आलेला पांढरा चट्टा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, तिखट लागताच आग होणे, ही कर्करोगाच्या वाटेवरची लक्षणे असू शकतात. ती वेळेत दिसली, तर पुढचे टाळता येते.

अशा वेळी मिश्री लावणाऱ्या बाईशी कोण बोलते याला फार महत्त्व आहे. डॉक्टरांसमोर 'नाही हो, मी काही खात नाही' म्हणणारी बाई, बाहेर बसलेल्या ताईंजवळ सकाळ-संध्याकाळ मिश्री लागते हे सहज सांगून जाते. ते सांगणे केसपेपरवर उतरले, तरच डॉक्टरांना उपयोगी पडते. मधुमेहाचेही असेच आहे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हे दहा मिनिटे बसून समजावून सांगणारे माणूस दवाखान्यात असेल, तर रुग्णाचे दात वाचतात आणि तो दवाखान्यावर विश्वासही ठेवतो.

न भेटणारा कारागीर

कॅप, ब्रिज किंवा कवळी करणाऱ्या तंत्रज्ञाची आणि रुग्णाची गाठ बहुधा कधीच पडत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त माप आणि एक चिठ्ठी. त्यावरून तो दाताचा साचा करतो, मेणाचा दात कोरतो, धातू ओततो, त्यावर पोर्सेलिनचे थर चढवून भट्टीत भाजतो. अलीकडे संगणकावर आराखडा करून झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून कॅप कोरली जाते, पण चावा जुळवणे आणि रंग साधणे अजूनही कसबी डोळ्यांचेच काम आहे. कॅप आणि दात यांच्यातली फट बारीक असली तरी तिथे अन्न आणि जंतू साचतात आणि आतला दात पुन्हा किडतो. चिठ्ठीवर दाताचा रंग लिहायचा राहिला, खालच्या जबड्याचे माप पाठवायचे राहिले, तर उत्तम कारागीरही काय करणार?

जो डॉक्टर लॅबला फोन करून 'मागची कॅप थोडी उंच झाली होती' असे सांगतो आणि जो तंत्रज्ञ 'माप स्पष्ट नाही, पुन्हा घ्या' असे बेधडक म्हणू शकतो, त्या दोघांचे काम चांगले होते. सर्वांत स्वस्त लॅब गाठून घाई करणाऱ्या दवाखान्यात रुग्णाला कॅप घासून घ्यायला तीन खेपा माराव्या लागतात. लॅबमध्ये दिवसभर धातू आणि सिरॅमिक घासताना उडणारी धूळही तंत्रज्ञाच्याच फुप्फुसात जाते, हेही दर ठरवताना ध्यानात ठेवायला हवे.

फोनवरचा पहिला उपचार

रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती वेळ देते आणि पैसे घेते, एवढेच आपल्याला दिसते. प्रत्यक्षात कोणाला आज बोलवायचे आणि कोणाला परवा, हा निर्णय ती फोनवर घेत असते. खेळताना पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, असा फोन आला तर मिनिटे महत्त्वाची असतात. 'दाताचे मूळ धरू नका, वरचा भाग धरा, घासू नका, दुधात ठेवा आणि लगेच या', एवढे सांगता आले, तर दात पुन्हा बसवता येऊ शकतो. तास उलटला की ती आशा कमी होत जाते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, हेही तिला माहीत हवे. जबड्याखाली सूज वाढते आहे, गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, असे कोणी म्हणाले, तर त्याला उद्याची वेळ देणे धोक्याचे. त्याने तडक रुग्णालय गाठायला हवे.

'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, दिवस गेले आहेत का', हे प्रश्न वेळ देतानाच विचारले, तर रुग्ण औषधांची चिठ्ठी सोबत आणतो. 'मग गोळी आपणच बंद करून येतो' असे तो म्हणाला, तर 'तसे करू नका, आधी डॉक्टरांशी बोला' हे सांगणारीही तीच. रूट कॅनाल अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णाला आठवणीचा फोन करणारीही तीच. ठणका थांबला की पुढच्या फेरीला न येणारे अनेक असतात. तो एक फोन त्यांचा दात वाचवू शकतो.

'थांबा' म्हणण्याची मुभा

दात काढताना चुकीचा दात काढला जाणे ही दुर्मीळ, पण भरून न येणारी चूक. दातांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांत १४ म्हणजे वरचा उजवा आणि २४ म्हणजे त्याचाच डावा जोडीदार. वेडेवाकडे दात सरळ करताना किडीचे चिन्हही नसलेला दात काढावा लागतो, तेव्हा एका आकड्याची गफलत पुरते. शस्त्रक्रियागृहातील सुरक्षेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या यादीमागचे तत्त्व इथेही लागू आहे. सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी थांबून नाव, जागा आणि काम मोठ्याने पडताळायचे. असिस्टंटने कागद पाहून 'डॉक्टर, डावीकडचा ना?' असे विचारावे आणि डॉक्टरांना त्यात उद्धटपणा वाटू नये. असे वातावरण यंत्रांसारखे विकत मिळत नाही. रोज सकाळी दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसून दिवसाची यादी पाहिली, तर ते हळूहळू तयार होते.

यावर अनेक दंतवैद्य म्हणतील की, हे सारे मोठ्या शहरातल्या दवाखान्यांना ठीक. तालुक्याच्या गावी जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि फी कमी करण्याची घासाघीस यांत पाच माणसे कुठून परवडणार? ही अडचण खरी आहे. पण पाच भूमिका म्हणजे पाच पगार असे नाही. एकच व्यक्ती फोन घेईल, खुर्चीशेजारीही उभी राहील. मात्र ऑटोक्लेव्ह लावायची वेळ कोणती, त्या वेळी फोन कोण घेणार, पाऊचवर तारीख कोण टाकणार, चाचणीची वही कोण लिहिणार, हे कागदावर ठरलेले हवे. काम कोणाचे तेच ठरले नसेल, तर ते कोणाचेच नसते.

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडे खुर्चीशेजारची बहुसंख्य मदतनीस दवाखान्यातच पाहून पाहून शिकते. बारावी झालेली हुशार मुलगी येते, दोन वर्षांत सारे शिकते आणि चार पैसे जास्त मिळाले की दुकानात नोकरी धरते. तिच्या शिकण्याला प्रमाणपत्र नाही, पगाराला पायऱ्या नाहीत. ती गेली की तिच्यासोबत दवाखान्याची शिस्तही जाते आणि नवी मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. दंतवैद्यकीय शिक्षणाची घडी नव्याने बसवली जात असताना या मदतनिसांच्या शिक्षणाचा विचार मागे पडता कामा नये. राज्यातील दंत महाविद्यालयांत खुर्च्या आहेत, शिक्षक आहेत, ऑटोक्लेव्ह आहेत. शनिवार-रविवारचे छोटे वर्ग, प्रात्यक्षिक परीक्षा आणि नोंदणीकृत प्रमाणपत्र एवढे झाले, तरी हजारो मुलींच्या हाती हुन्नर येईल आणि लाखो रुग्णांची सुरक्षितता वाढेल. दंतवैद्यांच्या संघटनांनीही नव्या यंत्रांच्या कार्यशाळांसोबत मदतनिसांच्या कार्यशाळा भरवल्या, तर ते अधिक उपयोगाचे ठरेल.

रुग्णांनाही करण्यासारखे आहे. उपकरणांचे पाऊच आपल्यासमोर फोडले का, हातमोजे आपल्यासाठी नवे घातले का, सलाइनची बाटली आपल्यासाठी नवी उघडली का, हे पाहण्याचा आणि न संकोचता विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. आणि फी जास्त का असे विचारताना त्या रकमेत पाऊच, वाफ, लस आणि चार माणसांचा पगार असतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. 'पलीकडे शंभर रुपयांत होते' म्हणून दवाखाना बदलणाऱ्याने तिथे काय गाळले गेले असेल, याचाही विचार करावा.

दवाखान्याचे यश बाहेरच्या गर्दीवरून मोजले जाते. खरे तर ते आतून तपासावे: मावशींना लस मिळाली आहे का, असिस्टंटला 'थांबा' म्हणता येते का, लॅबमधला माणूस माप परत पाठवू शकतो का आणि चाचणीच्या वहीत मागच्या आठवड्याची तारीख आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील, तर पाटीवरचे नाव कोणाचेही असो, त्या खुर्चीत निर्धास्त टेकावे.